नावात गाव

२ डिसेंबर २०२२, शुक्रवार. पहाटे चारला दहा मिनिटं असताना उठलो आणि खिडकीचा पडदा सरकवला, तर समोरच्या इमारतीत सात-आठ घरांत दिवे लागलेले. आमच्या भागात एरवी या वेळेला पेपर टाकणाऱ्या पोराच्या मोटारसायकलीशिवाय कसलाही आवाज नसतो. कावासाकी शहराचा मियामाए हा भाग म्हणजे चढ-उताराचे रस्ते, शाळा, लहान लहान घरं आणि सकाळी लोकल पकडून टोकियोला नोकरीला जाणारी माणसं. पण त्या पहाटे कतारमध्ये जपान आणि स्पेन समोरासमोर होते, आणि सकाळी कामावर जायचं असूनही गल्ली जागी होती.

मी आवाज बारीक करून टीव्ही लावला. बायको आणि लेक झोपलेल्या. कोल्हापुरात रात्रीचे साडेबारा वाजत आले होते आणि अपेक्षेप्रमाणे अण्णांचा फोन आला.

"लावलास का रं?"

"लावलाय. तुम्ही झोपला नाही?"

"झोपून काय करू? बघतोय."

मध्यंतराला स्पेन एक गोलने पुढे होता. नंतर तीन मिनिटांच्या आत दोन गोल झाले. पहिला दोआन रित्सुचा, डाव्या पायाचा, गोलरक्षकाच्या हाताला चाटून गेलेला. दुसऱ्याच्या वेळी चेंडू गोलरेषेच्या बाहेर निघून चाललेला होता. मितोमा काओरू धावत आला, पडता पडता पाय लांबवला आणि चेंडू मागे गोलसमोर ढकलला. तिथे तानाका आओ पोहोचला होता. त्याने तो गुडघ्या-मांडीने आत लोटला. मग पंचांनी थांबवलं. व्हिडिओ तपासणी सुरू झाली. चेंडू पूर्ण बाहेर गेला होता का? पडद्यावर पुन्हा पुन्हा तोच पाय, तोच चेंडू, तीच पांढरी रेघ. अण्णा फोनवर काहीच बोलत नव्हते, नुसता श्वास ऐकू येत होता. चेंडूचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर होता असं नंतर जाहीर झालं. गोल दिला गेला आणि शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून "योश्शा!" असा आवाज आला. तीन वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदा मोठा आवाज ऐकला.

"अण्णा," मी म्हटलं, "पास देणारा आणि गोल मारणारा, दोघंही आमच्या इथलेच. सागिनुमाचे. एका प्राथमिक शाळेतले, एका क्लबातले. एक जण एक वर्ष पुढे, एक मागे."

"म्हंजे एका तालमीची पोरं म्हण की!"

इतकी वर्षं मी जपानी फुटबॉलबद्दल वाचत होतो, तिथल्या सहकाऱ्यांना प्रश्न विचारत होतो. माझ्या मनात जे नीट जुळत नव्हतं ते अण्णांनी एका वाक्यात जुळवून दिलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. लाल मातीत कुस्ती धरणाऱ्यांच्या तालमी आणि पेठांतली मंडळं, त्यांच्याच फुटबॉलच्या टीम. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून पेठेतली पोरं झेंडे घेऊन निघायची. अण्णा मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. आत गेलं की कोण कुठल्या बाजूला बसलंय त्यावरून माणूस कुठल्या पेठेचा ते कळायचं. खेळाडूचं आडनाव नंतर, आधी पेठ. एखाद्या नवख्या पोराने चांगला कट मारला की मागच्या पायरीवरून हमखास प्रश्न यायचा, कुठल्या पेठेचं पोरगं रं हे? आणि ते आपल्या पेठेचं निघालं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी अजून विसरलेलो नाही.

जपानमध्ये हे नव्हतं. अगदी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

तिथे फुटबॉल होता तो कंपन्यांचा. १९६५ साली त्यांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, हिताची, यानमार अशा कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांची. खेळाडू म्हणजे कंपनीचे नोकर. सकाळी कचेरीत, दुपारनंतर मैदानावर. आपल्याकडे मुंबईत गिरण्या, बँका आणि कंपन्यांचे संघ कूपरेजवर खेळायचे, तसंच हे. त्या पद्धतीतूनही चांगले खेळाडू निघाले हे खरं. डेटमार क्रॅमर नावाचे जर्मन प्रशिक्षक १९६० साली आले, त्यांनी पायाभूत गोष्टी शिकवल्या. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला ३-२ असं हरवलं. १९६८ ला मेक्सिकोत कांस्यपदक मिळालं, कामामोतो कुनिशिगे ७ गोल मारून स्पर्धेत पहिला आला. पण पुढे वीस-एक वर्षं काहीच नाही. लीगचे सामने रिकाम्या बाकांसमोर व्हायचे. टाळ्या वाजवायला कोण येणार? मित्सुबिशीचा संघ जिंकला म्हणून मित्सुबिशीत नसलेल्या माणसाचं काय जातंय?

अण्णांच्या पिढीला जपानचं फुटबॉलमध्ये काहीच वाटत नसे, आणि त्यात गैर काही नव्हतं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा गटात जपानला २-० असं हरवूनच पुढे गेला होता. पी. के. बॅनर्जी आणि बलराम यांचे गोल. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. २००४ साली साइतामाला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जपानने भारतावर सात गोल चढवले, तेव्हा ते दोन दिवस फुटबॉल या विषयावर बोलले नाहीत.

या दोन सामन्यांच्या मध्ये जपानमध्ये काय झालं, ते मला खूप वर्षं कोडं होतं. पैसा आला म्हणून झालं, असं सोपं उत्तर सगळे देतात. पैसा कंपन्यांकडे आधीही होता.

कावाबुची साबुरो हे नाव इथे सांगायला हवं. फुरुकावा इलेक्ट्रिकचा नोकरदार, आणि १९६४ च्या त्या अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यात गोल मारणारा खेळाडू. १९६० साली राष्ट्रीय संघाबरोबर ते जर्मनीत ड्युइसबर्गच्या क्रीडाकेंद्रात गेले होते. तिथे हिरवीगार गवताची मैदानं, शेजारी शेजारी, आणि त्यावर गावातली लहान-मोठी सगळी माणसं खेळताहेत. जपानमध्ये तेव्हा शाळांची मैदानं मुरमाची, आपल्यासारखीच. ते दृश्य त्यांच्या मनातून तीस वर्षं गेलं नाही. व्यावसायिक लीग उभी करायची वेळ आली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी क्लबांना घातलेल्या अटींत एक अट अशी होती, जिने मोठमोठ्या मालकांची झोप उडाली. संघाच्या नावात कंपनीचं नाव असणार नाही. गावाचं असेल.

पैसे तुम्ही द्या, नाव गावाचं लावा! देशातलं एक बलाढ्य वृत्तपत्र एका संघाचं मालक होतं, त्यांच्याशी यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. कावाबुची हलले नाहीत. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्स झाला, माझ्दाचा हिरोशिमाचा झाला आणि त्याने नाव घेतलं सानफ्रेच्चे. सान म्हणजे जपानीत तीन, फ्रेच्चे म्हणजे इटालियनमध्ये बाण. हिरोशिमा भागातल्या मोरी मोतोनारी या जुन्या सरदाराने आपल्या तीन मुलांना एक बाण मोडून दाखवला, मग तीन एकत्र बांधलेले मोडायला सांगितले, ती गोष्ट. आपल्याकडे म्हातारा आणि काठ्यांची मोळी जशी प्रत्येक पोराला ठाऊक असते, तशी तिथे ही. गावाने आपल्या संघाला आपल्या घरातली गोष्ट दिली.

१५ मे १९९३ ला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ५९,६२६ माणसांसमोर जे-लीगचा पहिला सामना झाला. दहा क्लब होते. आज तीन विभागांत मिळून साठ आहेत.

त्या दहांतल्या काशिमाला मी जाऊन आलो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे सगळं डोळ्यांनी दिसतं ते तिथे.

टोकियो स्टेशनवरून बस निघते, दोनेक तासांचा रस्ता. शहर संपतं, भातशेती लागते, मग पॅसिफिकच्या काठाला पोलादाच्या कारखान्याची धुरांडी. काशिमा म्हणजे तसं पाहिलं तर काहीच नाही. एक फार प्राचीन देऊळ, त्याच्या आवारात पाळलेली हरणं, आणि कारखाना. नावाचा अर्थच हरणांचं बेट. १९९० च्या सुमाराला वस्ती साधारण पंचेचाळीस हजार. इथला सुमितोमो मेटल्सचा संघ दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. नव्या लीगमध्ये घ्या म्हणून हे लोक गेले तेव्हा कावाबुचींनी सांगितलं की तुम्हाला प्रवेश मिळण्याची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही. पंधरा हजार लोकांचं, फक्त फुटबॉलसाठीचं, छत असलेलं स्टेडियम बांधलंत तर बघू. नकार देण्याचा तो सभ्य मार्ग होता. ऐकणाऱ्यांनी मात्र त्यातलं ०.०००१ टक्का उचललं. परत गेले, इबाराकी प्रांताच्या सरकारला पटवलं आणि स्टेडियम बांधलं.

आणि आणलं कुणाला, तर झिकोला. ब्राझीलचा झिको! खेळ सोडून आपल्या देशात क्रीडामंत्री झालेला माणूस १९९१ मध्ये जपानच्या एका कारखान्याच्या गावात, दुसऱ्या श्रेणीच्या संघात आला. तिथे त्याने बूट कसे पुसायचे, सरावाला वेळेवर कसं यायचं, हरल्यावर राग कसा यायला हवा, इथपासून शिकवलं. १६ मे १९९३ ला काशिमा अँटलर्सने पहिल्याच सामन्यात इंग्लंडचा गॅरी लिनेकर ज्या संघात होता त्या नागोयाला ५-० असं लोळवलं. झिकोचे तीन गोल. अँटलर्स म्हणजे हरणांची शिंगं. हा क्लब पुढे जे-लीग सर्वाधिक वेळा जिंकणारा क्लब झाला. २०१६ ला योकोहामात क्लबांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदविरुद्ध २-१ असा पुढे होता. शेवटी जादा वेळेत हरला, पण एकेकाळच्या पंचेचाळीस हजार वस्तीच्या गावाने माद्रिदला तासाभरात दोनदा जाळ्यातला चेंडू काढायला लावला होता.

मी गेलो तो सामना साधाच होता, लीगमधला. मध्यंतराच्या आधीच लोक उठून एका टपरीसमोर रांग लावत होते. मीही लागलो. कागदी वाडग्यात मोत्सुनी मिळतं, म्हणजे आतड्यांचा रस्सा, मुळ्याच्या फोडी घालून तासन् तास शिजवलेला, वर कांद्याची पात. एक घास घेतला आणि मला आमच्या पेठेतली रविवारची वजडी आठवली. रश्श्याचा रंग वेगळा, तिखट नाही, पण तोंडात तेच मऊ, तेच चिवट. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढची एक आजी बसली होती. लाल शर्ट, गळ्यात लाल टॉवेल, मांडीवर वाडगा. तिने मला विचारलं, कुठून आलात? भारत म्हटल्यावर तिने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, ते नाही, इथे कुठून आलात? कावासाकी म्हटल्यावर ती हसली. कावासाकी म्हणजे फ्रोंताले हा क्लब, म्हणजे समोरच्या बाजूचा माणूस. सामना संपेपर्यंत ती मला प्रत्येक खेळाडू दाखवत होती. हा अमक्या शाळेचा, त्याला मी लहानपणी पाहिलाय. तो जर्मनीला जाणार, जाऊ दे, पोरांनी जावं. त्या आजीचं कारखान्याशी काही नातं होतं की नाही, मला माहीत नाही. तिला ते सांगावंसं वाटलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

पण सगळं असं गोड झालं नाही. १९९३ हेच साल दुसऱ्या गोष्टीसाठीही जपानच्या लक्षात आहे. २८ ऑक्टोबर, दोहा. विश्वचषकाच्या पात्रतेचा शेवटचा सामना, इराकविरुद्ध. जिंकले तर अमेरिकेतल्या विश्वचषकाला, पहिल्यांदाच. नव्वद मिनिटं संपली तेव्हा जपान २-१ ने पुढे होता. इराकला कॉर्नर मिळाला. सगळ्यांना वाटलं उंच येईल, त्यांनी आखूड घेतला, मग चेंडू आत आला आणि डोक्याने जाळ्यात गेला. २-२. दक्षिण कोरिया पात्र ठरला. जपानी खेळाडू जिथे होते तिथेच बसले, काही आडवे झाले. माझे एक वरिष्ठ सहकारी तेव्हा कॉलेजात होते. ते सांगतात, आमच्या खोलीत आठ जण होतो, कोणी टीव्ही बंद करायला उठलं नाही, कार्यक्रम संपून पडद्यावर मुंग्या आल्या तरी. 'दोहाची शोकांतिका' हे शब्द तिथे शाळकरी पोरालाही माहीत असतात. त्या दिवशी मैदानावर पंचवीस वर्षांचा एक मिडफिल्डर होता, मोरियासु हाजिमे. त्याच्याकडे परत येतो.

त्याआधी फ्ल्यूगेल्सची गोष्ट. मला विचाराल तर जपानी फुटबॉलचं खरं वळण कुठल्याही विश्वचषकापेक्षा इथे आहे. योकोहामात दोन क्लब होते, मारिनोस आणि फ्ल्यूगेल्स. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्ल्यूगेल्सच्या मागच्या कंपन्यांचं आर्थिक गणित बिघडलं आणि क्लब मारिनोसमध्ये विलीन करायचं ठरलं. खेळाडूंनाही तोपर्यंत पत्ता नव्हता. ते जाहीर झालं त्या दिवसानंतर फ्ल्यूगेल्स एकही सामना हरले नाहीत. सम्राट चषकात जिंकत गेले, कारण हरले असते तर तोच शेवटचा सामना ठरला असता. १ जानेवारी १९९९ ला अंतिम सामना जिंकला, चषक उचलला, आणि क्लब संपला.

प्रेक्षकांना सांगितलं गेलं की आता मारिनोसला टाळ्या वाजवा, गाव तर तेच आहे. त्यांनी ऐकलं नाही. वर्गणी काढली आणि स्वतःचा क्लब काढला, योकोहामा एफसी. खालच्या लीगपासून सुरुवात केली. २००७ साली तो क्लब पहिल्या श्रेणीत खेळत होता. गावाचं नाव नुसतं कंपनीच्या जागी चिकटवलं असतं तर असं झालं नसतं. सहा वर्षांत ते नाव लोकांचं झालं होतं. कावाबुचींनी अट घातली, पण ती खरी केली ती या वर्गणी काढणाऱ्यांनी. आपल्याकडे मुंबई-पुण्यात किती संघ बंद झाले, कूपरेजवर ज्यांच्या नावाने आरोळ्या उठायच्या ते एका ठरावाने इतिहासजमा झाले, तेव्हा कोण रस्त्यावर आलं? अराता इझुमीसारखा माणूस आपल्याकडे खेळून गेला. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा, मुंबईत महिंद्र युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला, जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला. त्याचे हे दोन्ही संघ आज नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडे खेळायला पोरं आहेत, बघायला माणसं आहेत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या याला साक्षी आहेत.

माझी लेक सहावीत असताना एक दिवस दप्तरातून गणिताचं एक पुस्तक काढून दाखवायला आली. मुखपृष्ठावर फ्रोंतालेचे खेळाडू. आमच्या कावासाकीचा हा क्लब शहरातल्या शाळांसाठी दरवर्षी गणिताच्या सरावाचं पुस्तक काढतो. आत अंतर, वेग, टक्केवारी, सगळं खेळाडूंच्या उदाहरणांनी. "बाबा, हा मितोमा ना? आपल्या स्टेशनच्या तिथला?" तिला तो टीव्हीवरचा वाटत नव्हता.

या मितोमाचं मला फार कौतुक आहे. अठराव्या वर्षी फ्रोंतालेने त्याला व्यावसायिक संघात बोलावलं होतं. त्याने सांगितलं, माझी अजून तयारी नाही, आणि त्सुकुबा विद्यापीठात गेला. चार वर्षं. तिथे त्याने पदवीचा प्रबंध लिहिला तो ड्रिबलिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चकवत नेण्यावर. सहकाऱ्यांच्या डोक्याला कॅमेरे बांधले आणि चांगला ड्रिबल करणारा नेमकं कुठे बघतो याचा अभ्यास केला. चांगला खेळाडू पायातल्या चेंडूकडे कमी आणि समोरच्याकडे जास्त बघतो. आता त्याला डाव्या बगलेवरून जाताना पाहिलं की मला ते आठवतं. चेंडू पायाशी, नजर समोरच्याच्या कमरेवर.

आणि त्याच्यासारखे वेगवेगळ्या वाटांनी आलेले कितीतरी. होंडा केइसुकेला गाम्बा ओसाकाच्या युवा संघाने घेतलं नव्हतं, नाकामुरा शुन्सुकेला मारिनोसने. दोघंही हायस्कूलच्या संघातून वर आले. तिथे हिवाळ्यात शाळांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, ती बघायला राष्ट्रीय स्टेडियम भरतं. पंधराव्या वर्षी एका दारातून परत पाठवलेल्या पोराला अठराव्या वर्षी दुसरं दार, बाविसाव्या वर्षी तिसरं. याला लागतात ती गावोगावची मैदानं आणि शिकवणारी माणसं. १९९८ ला फ्रान्समध्ये पहिला विश्वचषक खेळायला गेलेले जपानचे बावीसच्या बावीस खेळाडू जपानमध्येच खेळणारे होते. तिथे तिन्ही सामने हरले. २०२२ ला कतारमध्ये सव्वीसपैकी एकोणीस युरोपात खेळत होते.

मुलींचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण जग जिंकलं ते त्यांनी. ११ मार्च २०११ ची त्सुनामी, फुकुशिमाचा अपघात. राष्ट्रीय संघांचं सराव केंद्र, जे-व्हिलेज, तिथेच जवळ होतं. त्या गवतावर किरणोत्साराशी झुंजणाऱ्या कामगारांचा तळ पडला. चार महिन्यांनी जर्मनीत विश्वचषक. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान जर्मनीविरुद्ध जादा वेळेत १-० असा विजय मिळवून देणारी मारुयामा कारिना पूर्वी त्याच फुकुशिमाच्या वीजकेंद्रात नोकरी करून तिथल्या संघात खेळायची. अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध ११७ व्या मिनिटाला, एक गोलने मागे असताना, कॉर्नरवर कप्तान सावा होमारे पुढच्या खांबाकडे धावली आणि हवेतल्या चेंडूला उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने नुसता स्पर्श केला. २-२. मग पेनल्टींवर जिंकल्या. सावा तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि पंधराव्या वर्षापासून देशाकडून खेळत होती. त्यातली बरीच वर्षं कोणी बघायलाही येत नसताना.

कतारकडे येतो. जर्मनीला हरवलं त्या रात्री सगळ्या जगाने एकच फोटो एकमेकांना पाठवला, जपानी प्रेक्षक निळ्या पिशव्यांत कचरा गोळा करताहेत. माझ्याही शाळेच्या ग्रुपवर तो अकरा वेळा आला. चांगलं आहे ते. पण मला मित्रांना सांगावंसं वाटत होतं की कचऱ्याच्या पिशव्यांच्या जरा पलीकडे बघा, मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा असलेला तो माणूस बघा. मोरियासु. दोहातला पंचवीस वर्षांचा मिडफिल्डर आता चौपन्न वर्षांचा होऊन प्रशिक्षक म्हणून त्याच दोहात परत आला होता. जर्मनीविरुद्ध मध्यंतराला मागे असताना त्याने बचावाची रचना बदलली, एकामागून एक नवे पाय आणले, आणि दोन्ही गोल बदली म्हणून आलेल्यांनी मारले. स्पेनविरुद्ध शेवटची मिनिटं उरली तेव्हा आपल्याला १९९३ आठवलं, असं त्याने नंतर सांगितलं. पण त्याची पोरं खाली बसली नव्हती, पुढे सरकून चेंडू अडवत होती.

पुढचा सामना क्रोएशियाशी, आणि तो पेनल्टींवर हरले. तीन पेनल्टी अडवल्या गेल्या, त्यातली पहिली मिनामिनो ताकुमीची. कोण मारणार असं विचारल्यावर तो स्वतःहून पुढे आला होता. सामन्यानंतर मोरियासु प्रेक्षकांसमोर गेला आणि कमरेतून वाकून उभा राहिला. बराच वेळ. विश्वचषकाच्या बाद फेरीत २०२२ पर्यंत जपान चार वेळा पोहोचला, २००२, २०१०, २०१८ आणि २०२२, आणि चारही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. २०५० पर्यंत विश्वचषक जिंकायचा असं त्यांच्या महासंघाने २००५ सालीच लिहून ठेवलंय. मोरियासुला काढून टाका असं काही जण म्हणाले. महासंघाने त्याला ठेवलं.

१४ ऑक्टोबर २०२५. ब्राझील टोकियोत आलं होतं, मैत्रीपूर्ण सामना. मी लेकीला घेऊन चोफूच्या स्टेडियमवर गेलो. आता अण्णा ब्राझीलचे. आमची अर्धी पेठ ब्राझीलची आहे, विश्वचषक आला की चौकात पिवळं-निळं कापड लागतं, समोरच्या गल्लीत अर्जेंटिनाचं. जपानने आजवर ब्राझीलला कधी हरवलं नव्हतं. मध्यंतराला ब्राझील २-० ने पुढे. अण्णांचा मेसेज आला, त्यात नुसते दोन पिवळे बदाम.

मग मिनामिनोने एक मारला. तोच मिनामिनो, आता दंडावर कप्तानाची पट्टी. नंतर नाकामुरा केइतोने दुसरा. ७१ व्या मिनिटाला इतो जुन्या या खेळाडूने कॉर्नर घेतला, उएदा आयासे गर्दीतून वर उठला आणि चेंडू कपाळावर घेतला. गोलरक्षकाच्या हाताला लागून तो आत गेला. ३-२. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. भोवतीची माणसं रडत होती. माझ्या पुढच्या रांगेतला पन्नाशीचा एक गृहस्थ उभा राहून दोन्ही हात खाली सोडून नुसता मैदानाकडे बघत होता.

शिट्टी वाजल्यावर पाच मिनिटांनी फोन आला. कोल्हापुरात संध्याकाळ होत आली होती, मागे दूधवाल्याची घंटी ऐकू येत होती. अण्णा आधी काही बोलले नाहीत. त्यांच्या ब्राझीलबद्दल मी काही बोलावं असं मला वाटेना.

"तिसरा गोल," शेवटी ते म्हणाले. "डोक्यानं मारला त्यो. भारी उठला."

"हो."

"कुठल्या पेठंचं पोरगं रं त्ये?"

मला माहीत होतं. काशिमाच्या लहान मुलांच्या संघात होता, पुढच्या गटात त्याला घेतलं नाही, मग तिथल्याच हायस्कूलकडून खेळला, विद्यापीठात गेला, आणि अँटलर्सने त्याला परत बोलावून लाल शर्ट दिला. आजीने त्यालाही लहानपणी पाहिला असणार.

"काशिमाचं, अण्णा," मी म्हटलं.

"झिकोच्या गावचं व्हय!" अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खुलला.